१२ जणांच्या कंपनीत बीपीएम सॉफ्टवेअर (कुठलं काम कोणाकडून कोणाकडे जाणार हे ठरवून त्यावर लक्ष ठेवणारं) घेऊन फायदा होतो का?

होतो, पण सगळी कामं एकदम त्यात टाकू नका, आधी फक्त खरेदीची मंजुरी आणि सप्लायरची बिलं घ्या. मी एका छोट्या कारखान्याचे अकाउंट्स बघते, आमच्याकडे बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा, साहेब अंगठा टाकायचे आणि मला ते महिन्याभराने कळायचं. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यामुळे बिल कोणाकडे किती दिवस अडकलंय हे स्क्रीनवर दिसणं खरंच महत्त्वाचं आहे.

सुरुवातीला एवढंच ठेवा:
- बिल नंबर, माल मिळाल्याची तारीख, रक्कम
- मंजुरी कोणाची, आणि तो सुट्टीवर असेल तर कोणाची (हे हमखास राहतं!)
- दहाव्या दिवशी आपोआप रिमाइंडर

फक्त महिन्याला वीसेक बिलंच असतील तर गूगल शीट पुरेल, कारण बरीचशी सॉफ्टवेअर माणशी दरमहा पैसे घेतात.