चार इमारती, प्रॉपर्टी कार्ड एक

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमच्या लेआउटमध्ये चार इमारती व्हायच्या होत्या. तीन झाल्या, चौथीच्या जागी अजून गवत वाढतंय. आमची सोसायटी १९९८ सालची. प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) सगळ्यांचं मिळून एकच, त्यावर मूळ जमीनमालकाचं नाव. बिल्डर म्हणतो, ‘चौथी उभी राहिल्याशिवाय कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त) नाही. घाईच असेल तर इमारतीखालची जागा लिहून देतो.’ घ्यावी का?
– एक सेक्रेटरी

उत्तर : काका, घेऊ नका. जोत्यापुरती जमीन नावावर झाली, तर गेटपासून जिन्यापर्यंतचा रस्ता आणि आर.जी., म्हणजे खेळायची मोकळी जागा, दुसऱ्याचीच राहते. चेंबूरची एक कमिटी असाच दस्त घेऊन माझ्याकडे आली होती. नकाशावरची लाल रेघ भिंतीला चिकटून गेलेली, पाण्याच्या टाकीचं झाकण रेघेबाहेर. पुनर्विकासाला आलेला विकासक तेवढं पाहून परत गेला. पंचाहत्तरीच्या अध्यक्षांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो.

मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीबद्दलच्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या, कलम ११ प्रमाणे कन्व्हेयन्स देणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. तो देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीपासून सोसायटीला डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं. नोटीस मिळूनही बिल्डर सुनावणीला आला नाही, तरी आदेश होऊ शकतो.

‘आधी सब-डिव्हिजन (जमिनीचे तुकडे) करा, कार्ड वेगळं करा’ असं कुणी सांगेल. त्यासाठी अडून बसू नका. एकाच कार्डातल्या जमिनीत तुमचा हिस्सा चौरस मीटरमध्ये मागता येतो, शिवाय रस्त्यात आणि आर.जी.त अविभक्त हिस्सा. समजा, जमीन ४,००० चौ.मी., चारही इमारतींचं मंजूर बांधकाम १२,००० आणि त्यातलं तुमचं ३,०००. मग तुमच्या वाट्याला १,००० चौ.मी. येते. न बांधलेली चौथी इमारतही या हिशेबात धरलेली आहे, हे नीट लक्षात घ्या. तिचा वाटा बाजूला ठेवलात की बिल्डरच्या आक्षेपात दम राहत नाही.

हा हिशेब आर्किटेक्टकडून लिहून घ्या आणि तोही महापालिकेने मंजूर केलेल्या शेवटच्या सुधारित नकाशावरून. बिल्डर दाखवील तो नकाशा जुना असू शकतो, म्हणून माहितीच्या अधिकारात स्वतः प्रत काढा. अर्जात मूळ मालकालाही पक्षकार करा. तो हयात नसेल तर वारसांना. इथे चूक झाली की पुढे वर्षं जातात.

आदेश हाती आला म्हणजे काम झालं, असं समजून तो कपाटात ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात. मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि मग सिटी सर्व्हे ऑफिसात प्रॉपर्टी कार्डावर नाव, इथपर्यंत पाठपुरावा करा.

तोवर एका रविवारी कमिटीला घेऊन, नकाशा हातात धरून गेटपासून चालत जा. टाकी, मीटर रूम, ड्रेनेजची चेंबरं जिथे येतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि तोच कागद आर्किटेक्टला द्या.