घूमजाव, मतपरिवर्तन की ‘बदलत गेलेली’ भूमिका?

नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न. बाई एका छोट्या सभेत दादासाहेब गायकवाडांवर, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नाशिकच्या सहकाऱ्यावर बोलणार आहेत. आमदार आणि खासदार म्हणून त्यांचे सामाजिक-आर्थिक प्रश्नांवरचे विचार कसकसे बदलले, हा विषय. व्याख्यानाला त्यांनी नाव दिलं ‘दादासाहेबांच्या उत्क्रांत भूमिका’. घरात नातवाने ते वाचलं आणि म्हणाला, “म्हणजे घूमजावच ना, आजी?” आजी भडकल्या, पण रात्रभर विचार करूनही नातवाला गप्प करणारा शब्द काही सापडेना. राजकारणी माणसाचं मत विचार करून, सावकाश बदललं, तर त्यासाठी मराठीत धड शब्दच नाही का?

बाई, शब्द आहे. तुम्ही तो नामात शोधताय, तो क्रियापदात दडलाय. पण आधी तुमच्या ‘उत्क्रांत’विषयी. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे वर जाणं, बाहेर पडणं. प्राण देह सोडून निघतो त्यालाही हाच शब्द. डार्विनच्या सिद्धांतासाठी मराठीने तो घेतला आणि तिथे तो छान रुजला. माझी हरकत जुन्या अर्थाला नाही, नव्यालाच आहे. उत्क्रांती कोणी ठरवून करत नाही. जिराफाची मान कशी लांब झाली याचा जाब जिराफाला विचारता येत नाही. लोकप्रतिनिधीला मात्र येतो, आणि यायलाच हवा.

आता नातवाचा शब्द. ‘घूमजाव’ म्हणजे हिंदीतला आज्ञार्थ, आपण उचलून त्याचं नाम केलेला. हुकूम सुटतो, माणूस जागच्या जागी फिरतो, तोंड होतं तिकडे पाठ येते. याला क्षणभर पुरतो आणि मधला टप्पा नसतो. याच घरातले बाकीचे शब्द पाहा. कोलांटउडी कसरतीतली. पवित्रा दांडपट्ट्यातला आणि आखाड्यातला. ‘पवित्र’शी त्याचं काही देणंघेणं नाही, तो पाय रोवून उभं राहण्याचा ढंग. टोपी फिरवणं, पाठ फिरवणं, शब्द फिरवणं. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही तर म्हणच आहे. यू-टर्न अलीकडचा, द्वारका चौकातल्या गर्दीत तो घेऊन पाहिलेल्याला त्यातली जोखीम वेगळी सांगायला नको. आणि आपल्याकडचा लाडका शब्द ‘पलटी’. लासलगावच्या वाटेवर कांद्याची ट्रॉली पलटी होते आणि त्याच कांद्यावर पुढारीही पलटी मारतो. विरोधी बाकावर असताना ‘निर्यातबंदी उठवा’, सत्तेत गेल्यावर ‘ग्राहकाचाही विचार करावा लागतो’. फरक एवढाच की ट्रॉली पलटी ‘होते’, पुढारी पलटी ‘मारतो’. भाषेने दोघांचा हेतू बरोबर ओळखलाय.

हे सगळे शब्द अंगाचे आहेत, मनाचे नाहीत. कोणी वळतं, उडी मारतं, पाठ देतं. विचार करताना एकही शब्द कोणाला दाखवत नाही. त्यामुळे ते टोमण्याला उत्तम आणि चरित्राला निरुपयोगी. नातवाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रोज कानावर तेवढेच पडतात.

मग ‘मत’ घेऊन पाहू. इथे आमदारामुळे एक गंमत होते: ‘आमदाराने मत बदललं’ म्हणजे विचार बदलला की मतदान फिरवलं? विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर हे वाक्य जपूनच लिहावं. ‘मतपरिवर्तन’ तुलनेने सभ्य, पण त्यात बहुधा दुसरा कोणी तरी असतो. मतपरिवर्तन ‘केलं’ जातं. कोणी तरी समजावतं, कोणी तरी समजतं. शिवाय तेही एकदाच घडून संपतं.

‘मतांतर’ या शब्दाकडे मी पुष्कळदा आशेने पाहिलंय. रूपांतर, भाषांतर, स्थलांतर, धर्मांतर हे सगळे बदलाचेच शब्द. मग मतांतर म्हणजे मत बदलणं व्हायला हवं होतं. झालं नाही. ‘याबाबत मतांतरे आहेत’ म्हणजे दोघांची मतं वेगळी आहेत, एकाच माणसाची दोन काळातली नव्हेत. शेजारचं ‘पक्षांतर’ मात्र पक्कं बसलं. इतकं, की १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेला कायदा आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणूनच ओळखतो.

आता क्रियापद. ही तीन वाक्यं मोठ्याने वाचा:

त्यांची भूमिका बदलली.
त्यांची भूमिका बदलत गेली.
त्यांची भूमिका बदलत राहिली.

पहिल्यात एक घटना आहे. दुसऱ्यात वाट आहे: माणूस कुठून तरी निघाला आणि कुठे तरी पोचला. तिसऱ्यात नुसती हालचाल, दिशा नाही. ‘-त जाणे’ आणि ‘-त राहणे’ यांतला हा फरक आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही, पण तो कळत नाही असा मराठी माणूस नाही. आणि कर्ता बदला: ‘ते भूमिका बदलत गेले’ म्हटलं की लगेच संशयाचा वास येतो. ‘त्यांची’ आणि ‘ते’ एवढ्यानेच माणसाच्या हेतूवर शेरा मारला जातो. चरित्रकाराने इथे डोळ्यांत तेल घालून बसावं.

तुमच्याच विषयावर हे लावून पाहू. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून. दादासाहेब त्याचे आघाडीचे कार्यकर्ते. मार्च १९३४ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून कळवलं, की मंदिरप्रवेशाची चळवळ आता थांबवावी. मूर्तीचे पूजक होण्यासाठी ती नव्हतीच, लोकांना जागं करण्याचा तो मार्ग होता. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. १९३७ ला दादासाहेब बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी त्या सभागृहात खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारीसारखी पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९५७ ला दादासाहेब नाशिकचे खासदार झाले, १९६२ पासून राज्यसभेत गेले. आणि १९५९ ला व १९६४ ला त्यांनी सत्याग्रह केले ते भूमिहीनांचे: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या.

देवळाच्या दारापासून पडीक जमिनीच्या बांधापर्यंत. याला घूमजाव म्हणता येईल का? घूमजावात माणसाचं तोंड फिरतं. इथे तोंड एकाच दिशेला आहे, पाय पुढे पडलेत. म्हणून ‘बदलत गेली’. मला विचाराल तर ‘घडत गेली’ त्याहून बरं, कारण घडण्यात घाव सोसणंही येतं. आणि ‘भूमिका’ शब्द तर या माणसासाठीच केल्यासारखा आहे. मुळात भूमी, म्हणजे उभं राहायची जागा. हिंदीवाला भूमिका म्हणताना बहुधा नाटकातलं काम किंवा पुस्तकाची प्रस्तावना समजतो, राजकीय बाजूला तो ‘रुख’ म्हणतो. रुख म्हणजे चेहरा, तोंडाची दिशा. आपण पायाखाली पाहिलं, त्यांनी तोंडाकडे.

पण बाई, सगळीकडे ‘घडत गेली’ लावून गुळगुळीत करू नका. १९५७ ला दादासाहेब काँग्रेसविरोधी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने होते आणि साठच्या दशकाच्या अखेरीकडे काँग्रेसबरोबर गेले. हा धोरणावरचा विचार नव्हे, ही युती. तिला युतीच म्हणावं. ती चूक होती की शहाणपण, हे सभेत लोक विचारतीलच.

त्या काळातला एक शब्द तुमच्या टिपणात जरूर घ्या. दादासाहेबांच्या रिपब्लिकन पक्षात १९५९ च्या सुमारास फूट पडली तेव्हा बी. सी. कांबळे यांच्या गटाला ‘दुरुस्त’ म्हणत, आणि मग दादासाहेबांचा गट आपोआप ‘नादुरुस्त’! भांडणाचा एक धागा हाच होता, की जमिनीच्या आणि भाकरीच्या प्रश्नावर डाव्यांच्या किती जवळ जायचं. फारसीत दुरुस्त म्हणजे बरोबर, ठीक. मराठीत तो ‘डागडुजी केलेला’कडे सरकला आणि नादुरुस्त तर एसटीच्या काचेवरच्या पाटीवर जाऊन बसला. पण त्या दोन गटांच्या नावांत भूमिका बदलण्याबद्दलचा एक मराठी विचार आहे: बदल म्हणजे दुरुस्ती. राज्यघटनेतल्या बदलाला आपण दुरुस्ती म्हणतोच. माणसाच्या मतातल्या बदलालाही म्हणायला काय हरकत आहे? ‘त्यांनी आपल्या मतात दुरुस्ती केली’ या वाक्यात कर्ता आहे, विचार आहे, आधीचं चुकलं होतं ही कबुलीही आहे. फक्त दादासाहेबांबाबत वापरताना श्रोत्यांत जुने कार्यकर्ते आहेत का ते बघा. त्यांना हसू येईल किंवा राग.

व्याख्यानाचं नाव मात्र बदलाच. ‘देवळापासून जमिनीपर्यंत : दादासाहेबांची भूमिका कशी घडत गेली’ चालेल का पाहा. पत्रिकेवर दोन ओळी होतील, होऊ द्या. आणि ती छापायला टाकण्याआधी नातवाला वाचायला द्या.