नवऱ्याला कायमची रात्रपाळी मिळाली आहे, घरात चार वर्षांची मुलगी आहे. त्याची झोप आणि मुलीला द्यायचा वेळ यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय, ‘तो दिवसभर घरीच असतो, तरी मुलीच्या वाट्याला येत नाही.’ मी उत्तर लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. ‘मुलीच्या’ऐवजी ‘आईच्या’ घाला, की हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं होतं. अकरा वर्षं ऐकलंय मी ते.

तो दिवसभर घरी नसतो हो. तो झोपलेला असतो, निदान असायला हवा. तुम्हीही रात्री अकरा ते सहा घरीच असता. म्हणून दोन वाजता कुणी तुम्हाला हलवून ‘नळ गळतोय, जरा बघतेस का’ म्हणतं का?

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. अकरा वर्षं कायमची नाइट केली, रात्री दहा ते सकाळी सात. आता दोन वर्षं झाली दिवसपाळीला. नाइट मी स्वतः मागून घेतली होती, कारण आठवड्याला फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी फिरती पाळी त्याहून वाईट. शरीर एका वेळेला जरा रुळतंय तोच पाळी बदलते. त्यामुळे तुमच्या नवऱ्याला कायमची मिळाली याला मी पूर्ण दुर्दैव म्हणणार नाही.

तर आमच्या घरात दिवसाची सगळी कामं माझी. बँक, शाळेची फी, दुरुस्तीवाला आला की दार उघडणं, आईचे डॉक्टर. दादाचं ऑफिस नऊ ते सहा, त्याला ‘सुट्टी काढावी लागते’. मला काय, मी घरीच.

एकदा आईचे डोळे दाखवायचे होते. दादाने परस्पर सकाळी अकराची वेळ घेतली. माझी सलग तिसरी नाइट होती. सकाळी रिलीव्हर तासभर उशिरा आला, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत सव्वाआठ. घरी येऊन आंघोळ केली, पाठ टेकली असती तर उठलो नसतो म्हणून उभ्या उभ्याच पेपर चाळला, आणि आईला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिथे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि सांगितलं, अर्धा तास डोळे मिटून बसा. आई डोळे मिटून बसली. शेजारी मीही.

मी डोळे उघडले तेव्हा दीड वाजला होता. मधल्या काळात आईचं नाव पुकारलं गेलं, कुणा अनोळखी बाईने तिचा हात धरून तिला आत नेलं, तपासणी झाली, आई चाचपडत परत येऊन माझ्या शेजारी बसली. त्या थेंबांनंतर काही तास जवळचं धड दिसत नाही. हातातली चिठ्ठी तिला वाचता येईना, भिंतीवरचं घड्याळ उजेडात नुसतं चकाकत होतं. माझ्या खिशात दादाचा फोन वाजायला लागला. तो बंद कसा करायचा हे तिला दिसेना, म्हणून तिने तो काढून पिशवीत कपड्यांच्या खाली कोंबला, मला जाग येऊ नये म्हणून. सात मिस्ड कॉल होते. माझं हेल्मेट मांडीवर घेऊन ती तशीच बसून होती. मला म्हणाली, “झालं का रे? आता जायचं?”

दादा संध्याकाळी म्हणाला, “आई आंधळ्यासारखी बसून होती आणि तू तिथेही झोपा काढल्यास?” हा किस्सा त्याने त्यानंतर प्रत्येक जमलेल्या मैफलीत सांगितला आहे. मी दर वेळी हसून घेतलं.

आता त्याला उत्तर देतो. आदल्या दिवशी मी संध्याकाळी पाचला उठलो होतो, म्हणजे अकरा वाजता मला जागं होऊन १८ तास झाले होते. १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात सलग १७ तास जागं असलेल्या माणसांची हात आणि नजर यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी ढासळलेली दिसली. बऱ्याच देशांत एवढी दारू सापडली की गाडी चालवणं गुन्हा असतो. तेव्हा दादा, मी खुर्चीत झोपलो याची मला लाज वाटत नाही. त्या अवस्थेत आईला मागे बसवून गाडी चालवली याची वाटते. ही गोष्ट तुला एकदाही सुचली नाही. तुला झोपच दिसली.

बरं. तुमच्या मुलीचं.

सकाळी तो येतो तेव्हा ती उठते, हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. मला ती सोय वाटते. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मी आलो की वीस मिनिटं त्याची, त्याच्या बुटांची, दप्तराची. मग पडदे तो ओढायचा आणि घरभर ओरडून सांगायचा, “बाबांची रात्र झाली!” चार वर्षांच्या मुलीला ‘गप्प बस, बाबा झोपलेत’ सांगून काही होत नाही. तिला बाबाला झोपवायचं काम द्या. त्यानंतर ती आवाज करेलच. पंख्याची घरघर चालू ठेवा, दार लावा, मधले दोन तास तिला बाहेर न्या. खरा वेळ संध्याकाळचा, पाच ते आठ. त्या वेळात त्याच्याकडून दुसरं कुठलंही काम करून घेऊ नका. नऊ ते सहावाल्या किती बापांना रोज हे तीन तास मिळतात? दादाला कधी मिळाले नाहीत. (हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.)

झोप किती? पुढे माझं गणित असं बसलं: सकाळी साडेआठ ते दीड-दोन अखंड, आणि निघण्याआधी आठच्या सुमारास तास-दीड तास. अखंड हा शब्द महत्त्वाचा. मधे तीनदा उठवून मिळालेल्या आठ तासांपेक्षा मला सलग पाच पुरायचे. दिवसाची झोप मुळातच तोकडी होते, कारण मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. डोळ्यांच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा ठिपका आहे, तोच हा मुख्य घड्याळजी. शरीरातली ही घड्याळं पेशीच्या आत कशी चालतात हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळजी म्हणतो, उठा. मग माणूस अंथरुणात पडून आढ्याकडे बघत राहतो.

हे मला कळायच्या आधी आईला कळलं होतं. त्या तपासणीनंतर तिला काळा चष्मा मिळाला होता, तो महिन्याभराने तिने माझ्याकडे दिला. “मला उजेड सोसत नव्हता तेव्हा डोळे आपोआप मिटायचे. तू घालून बघ.” मी सकाळी तो घालून यायला लागलो. पण गाडीवर नाही! पेंगत असताना काळा चष्मा लावून गाडी चालवणं म्हणजे दुहेरी वेडेपणा. मी गाडी सोडून बसने यायला लागलो, तेव्हा घातला.

कॉफी पहाटे दोननंतर बंद. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाचेक तासांनंतरही अंगात असतं. चारला घेतलेला कप नऊला अंथरुणात भेटतो. पण चारलाच तो हवासा वाटतो, कारण त्याच सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं. मी त्या वेळेला प्रत्येक नळीवरचं लेबल दोनदा वाचायचो, तेही मोठ्याने. शेजारचा हसायचा.

सुट्टीच्या दिवशी तो पूर्ण दिवसाचा माणूस होईल अशी अपेक्षा ठेवू नका. मी सुट्टीला पहाटे तीन ते अकरा झोपायचो, म्हणजे रात्र आणि दिवस यांच्या मधोमध. ‘सुट्टी आहे ना, मग सकाळी सातला चल’ हे आमच्याकडे कोण म्हणायचं ते तुम्ही ओळखलं असेलच.

आणि हो, हे सांगायला हवं: नाइट कायम करण्यासारखी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं आहे. ‘बहुधा’ हा शब्द पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण पुढच्या पाच वर्षांचा विचार आत्ताच करा. तो घोरत असेल आणि पुरेशी झोप होऊनही पेंगत असेल तर डॉक्टरांना दाखवा, माझ्या युक्त्या तिथे चालणार नाहीत. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर नाहीच.

आणखी एक. मला हे सगळं जमलं कारण बायकोने आणि आईने माझी झोप राखली. माझ्याबरोबरच्या नर्सेस सात वाजता घरी जाऊन मुलांचं आवरून, स्वयंपाक करून अकराला आडव्या व्हायच्या, आणि तीनला उठायच्या. त्यांची झोप राखणारं कुणी नव्हतं. उद्या तुम्हाला नाइट लागली तर त्याने तुमच्यासाठी पडदे ओढावेत, हे आत्ताच बोलून घ्या.

दिवसा फोन आला की ‘झोपलाय’ सांगू नका. झोपलेल्या माणसाला लोक उठवायला सांगतात. आमची आई सांगायची, “तो ड्युटीवर आहे, चारनंतर कर.” दवाखान्याच्या त्या दिवसानंतर ती दादालाही हेच सांगायची. तो म्हणायचा, “अगं, पण तो घरीच आहे ना?” ती फोन ठेवून द्यायची.

परवा त्याने तो किस्सा नव्या जावयासमोर पुन्हा सांगितला. म्हणून हे उत्तर एवढं लांबलं. आज रात्री दोन वाजता फोन करून त्याला वाचून दाखवणार आहे. घरीच असेल तो.