परसातल्या कोंबड्या : खुडूक कोंबडीची सोय आणि नवी पिल्लं

प्रश्न : काकू, माझ्याकडे नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली काळी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून उबवायला बसू लागली, म्हणून सगळ्याजणी अंडी घालतात त्याच पाटीत तिला अकरा अंड्यांवर बसवली. बावीस दिवस झाले, तीनच पिल्लं निघाली. चार अंडी फुटलेली आणि नऊ तशीच राहिलेली सापडली. माझं कुठं चुकलं?
— एक वाचक भगिनी, ता. शिराळा, जि. सांगली

उत्तर : ताई, तुम्हीच दिलेले आकडे जरा मांडून बघा. तीन, चार आणि नऊ मिळून सोळा झाली. तुम्ही ठेवलेली अकरा, मग वरची पाच कुठून आली? ती बाकीच्या कोंबड्यांनी घातली. काळी दिवसातून एकदा चारापाण्याला उठते. तेवढ्यात दुसरी त्या ऊबदार पाटीत शिरते, कारण तिचीही अंडी घालायची जागा तीच आहे. काळी परत आली की दोघींची रेटारेटी होते आणि पायाखाली अंडी फुटतात. कधी कधी काळी कोंबडी मुकाट्यानं शेजारच्या रिकाम्या पाटीत जाऊन बसते आणि तिची अंडी इकडं गार पडतात.

दुसरी गोष्ट, गावठी कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. सोळा झाली की कडेची उघडी पडतात. शिवाय ती चोचीनं अंडी सारखी आतबाहेर फिरवत असते, त्यामुळं गारठा आळीपाळीनं सगळ्यांनाच लागतो. आणि मागाहून घातलेली अंडी उबायच्या आधीच पहिली पिल्लं बाहेर येतात. पिल्लं चालू लागली की आई त्यांना घेऊन उठते आणि आत जीव धरलेली अंडी तशीच सोडून जाते. तुमच्या नवांतली काही तसलीच असणार. वाईट वाटलं वाचून.

म्हणून खुडूक कोंबडीला वेगळी जागा द्यावीच. माझं घर खटाव तालुक्यात. गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फूट लांबरुंद, दीड फूट उंच असं फळ्यांचं खोकं आहे, पुढं गोणपाटाचा पडदा. तळाला दोन-तीन बोटं माती घालते, मूठ दाबून मध्ये खोलगट करते म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. वर गव्हाचं काड. तुमच्याकडं भाताचं तूस मिळतं, खाली तेही थोडं चालेल. काडात निरगुडीचा पाला घालते, आणि बसवायच्या आधी कोंबडीच्या पंखाखाली, शेपटीजवळ पिसं बाजूला करून उवा आहेत का ते नीट बघते. उवांनी बेजार झालेली कोंबडी एकवीस दिवस टिकत नाही. खोक्याजवळच राख आणि कोरडी माती घातलेलं घमेलं ठेवा, तिला लोळायला.

कोंबडी रात्री हलवायची, अंधारात. दिवसा उचलून नेली तर ती जुन्या जागेकडंच धावते. पहिले दोन दिवस खाली दोन-तीन साधी अंडी ठेवा. ती तिथं घट्ट बसली, हात नेल्यावर पिसं फुलवून कुरकुरली, की तिसऱ्या रात्री ती काढून उबवायची सगळी अंडी एकदमच सरकवा. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फ्रीजमधली नकोत आणि धुतलेलीही नकोत. प्रत्येकावर पेन्सिलीनं गोल काढा. बिनगोलाचं अंडं दिसलं की त्याच दिवशी बाहेर.

सातव्या रात्री अंडं मुठीत धरून मोबाईलच्या टॉर्चवर ठेवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधोमध हलणारा ठिपका दिसला तर अंडं फळलेलं. मी हे किती वर्षं बघते आहे, तरी तो ठिपका हलताना दिसला की घरातल्यांना हाका मारते. नुसतं पिवळट उजळ दिसलं तर ते काढून टाका. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नका. हिशेब सोपा आहे : सोमवारी रात्री बसवली तर तीन आठवडे भरून पुन्हा सोमवारीच पिल्लं निघायची. निघाल्यावर पहिला दिवसभर ती खात नाहीत म्हणून घाबरू नका, पोटातला बलक त्यांना पुरतो.

तुमच्या भागात एक काळजी जास्त घ्या. शिराळ्याच्या माणसाला साप काय ते मी सांगायला नको. पण कोंबडीची रुंद छिद्रांची जाळी धामणीला अडवत नाही. खोक्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा, खालची फट सुद्धा बुजवा.

प्रश्न : मी गिरीराजा या सुधारित जातीची पंचवीस पिल्लं आणून बल्बखाली वाढवली. महिन्याची झाल्यावर जुन्या गावठी कोंबड्यांत सोडली. तासाभरात दोन पिल्लं टोचून मारली. आता उरलेली वेगळीच ठेवायची का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : दादा, हे माझ्या हातूनही घडलं आहे. २०१६ साली अशीच पाच आठवड्यांची अकरा पिल्लं मी सकाळी दार उघडून सरळ अंगणात सोडली आणि भाकरी टाकायला आत गेले. आवाज ऐकून धावत आले तर तांबड्या कोंबडीनं एकाच्या डोक्याची कातडी मागपर्यंत सोलली होती आणि बाकीच्या रक्त बघून त्याच जागेवर तुटून पडत होत्या. हळद लावून त्याला डालग्याखाली ठेवलं. संध्याकाळी गेलं ते. दोष कोंबडीचा नव्हता. त्यांच्यात कोण आधी खाणार, कोण वर बसणार हे ठरलेलं असतं. त्यात अनोळखी पिल्लू आलं की ती त्याला परकं समजते, आणि त्याच्या पाठीशी आई नसते.

उरलेली तेवीस वेगळी नका ठेवू कायमची, पण घाईही नको. कोंबड्या फिरतात तिथंच अंगणात जाळीचा आडोसा करा आणि पिल्लं रोज दिवसभर त्यात ठेवा. एकमेकांना दिसली पाहिजेत, चोच मात्र पोचता कामा नये. दोन आठवडे तरी असं चालू द्या. जुन्या कोंबड्यांचं खाणं जाळीच्या अगदी कडेला टाका, म्हणजे दोन्हीकडची शेजारी शेजारी खायला शिकतात. जाळीजवळून जाताना जुन्या कोंबड्यांनी मान फुगवायची थांबवली, की तिथून पुढं.

मग आडोशाला तीन-चार बोटं रुंदीचं भोक ठेवा. पिल्लं त्यातून बाहेर येतील आणि कुणी मागं लागलं तर आत पळतील, मोठी कोंबडी त्यातून शिरत नाही. गिरीराजा अंगानं लवकर भरतो, म्हणून भोकाचं माप दर आठवड्याला बघत जा. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, कारण मारामारी बहुतेक भांड्यावरच होते. पिल्लं सगळी एकदमच सोडा. एकटंदुकटं सोडलं की सगळा राग त्याच्यावर निघतो. रात्री एकाच खुराड्यात मात्र अडीच-तीन महिन्यांची झाल्याशिवाय कोंडू नका. कुणाला रक्त आलं तर ताबडतोब वेगळं काढा, जखम भरून पीस येईपर्यंत परत नाही. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात चुना फार असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि पिल्लं आठ आठवड्यांची झाली की पुढची लस. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एका कुपीत शंभर आणि त्याहून जास्त पिल्लांचा डोस असतो. म्हणून आम्ही आळीतल्या बायका एकाच दिवशी ठरवून लस आणतो, बर्फात ठेवतो आणि कालवल्यापासून दोन तासांत संपवतो.

पुढच्या वेळी घरात खुडूक कोंबडी असेल तर बल्ब लावूच नका. ती आठ-दहा दिवस घट्ट बसलेली असली, की रात्री एक-दोन दिवसांची पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवायची आणि खालची अंडी काढून घ्यायची. दहा-बाराच, पंचवीस नव्हे. उजाडायच्या आत जाऊन बघा. ती घशातून हळू आवाज काढत असेल तर तिनं पिल्लं घेतली. टोचत असेल तर लगेच काढा. एकदा घेतली की पुढचं सगळं काम तिचं. घार आली, बोका आला, दुसरी कोंबडी आली, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना सोडते, तोवर ती बाकीच्यांच्या ओळखीची झालेली असतात.

प्रश्न : भर मे महिन्यात कोंबडी खुडूक झाली आहे. अंडी बसवायची नाहीत. सासूबाई नाकात पीस घाला म्हणतात, शेजारीण पाण्यात बुडवा म्हणते. काय करू?
— एक वाचक भगिनी, म्हसवड, जि. सातारा

उत्तर : दोन्ही नको, बाई. तिला उगीच त्रास कशाला? सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढं करून बघा. खालून जाळीचा तळ असलेला पिंजरा सावलीत विटांवर ठेवा, म्हणजे पोटाखालून वारा लागेल. आत काड, गोणपाट काही नको. धान्य आणि गार पाणी पोटभर द्या. पोटाला ऊब मिळाली नाही की तीन-चार दिवसांत तिचं खुडूकपण उतरतं. चौथ्या दिवशी सोडून बघा. परत पाटीकडं गेली तर आणखी दोन दिवस आत. पुन्हा अंड्यावर यायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढी वाट बघा.