रात्रीचा गल्ला, पहाटेचं मत

वाचकांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, वडसाच्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गावोगावच्या लोकांची ये-जा वाढते, तारखा अडकवल्या जातात, आणि आमच्याकडे पत्रंही वाढतात. या खेपेची बरीच पत्रं एकाच कोड्याची आहेत: वाहवा एकाची होते आणि पैसा दुसऱ्याला मिळतो, हे कसं? त्यांतली पाच घेतली आहेत.

आमच्या गावच्या मंडळानं मागच्या मंडईला (दिवाळीनंतरच्या गावजत्रेला) कौटुंबिक नाटक आणलं. बायामाणसं रडली, म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून पाठ थोपटली, पेपरातही चांगलं छापून आलं. तरी २९ हजारांचा खड्डा पडला. बाजूच्या गावातल्या नाचगाण्यांनी भरलेल्या नाटकाला पाहून आलेल्या सगळ्यांनीच नावं ठेवली, पण तिथं उभं राहायला जागा नव्हती. यंदा आम्हीपण तसलंच आणावं काय? हिशेब सोबत जोडला आहे.
*(मंडळाचा खजिनदार, सिंदेवाही तालुका)*

हिशेब जोडलात हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. पण आधी एक गोष्ट.

आपलं नाटक रात्रभर चालतं, पण तिकिटं खपतात ती रात्री साधारण साडेनऊ ते साडेअकरा. तोवर पडदा उघडलेला नसतो, नाहीतर नांदी नुकतीच झालेली असते. नाटक कसं आहे ते कळतं पहाटे तीन-चारला, आणि तेव्हा तिकीट घेणारं कोणी उरलेलं नसतं. शहरात पहिल्या प्रयोगाची चर्चा दहाव्या प्रयोगाला गर्दी आणते. आपल्याकडे गावात प्रयोगच एक. त्यामुळे त्या रात्रीच्या गल्ल्यावरून नाटकाचा दर्जा कळत नाही. त्यावरून तारीख कशी होती ते कळतं, पोस्टरवर कोणाची नावं होती ते कळतं, भोंग्याची गाडी किती गावं फिरली ते कळतं. धानाचे पैसे लोकांच्या हाती आले होते का, आणि त्याच रात्री आठ-दहा किलोमीटरवर दुसरं नाटक होतं का, याचाही त्यात मोठा वाटा. म्हाताऱ्यांनी थोपटलेली पाठ तुमच्या पुढच्या वर्षीच्या खात्यात जमा झाली आहे. बाजूच्या गावाला ठेवलेली नावंही त्यांच्या पुढच्याच खात्यात गेली आहेत.

आता हिशेब. नाटकाचे (नाट्यमंडळाला दिलेले) ७०,०००, मांडव-कनात-खुर्च्या १८,०००, पत्रकं आणि भोंगा ५,०००, कलावंतांचं जेवण-चहा ७,०००. एकूण १,००,०००. जागा: ३०० खुर्च्या १५० रुपयांनी, म्हणजे ४५,०००, खाली बसायच्या ७०० जागा ८० रुपयांनी, म्हणजे ५६,०००. सगळं भरलं तरी येणार १,०१,०००. मांडव खचाखच भरूनही मंडळाला सुटणार होते हजार रुपये! तोटा नाटकानं आणला नाही, तो वही उघडली तेव्हाच लिहिला गेला होता.

पुढे बघा. खुर्च्या ३०० च्या ३०० भरल्या, पण पैसे आले २२० चे, ३३,०००. उरलेल्या ८० पासवर गेल्या: देणगीदार, पदाधिकारी, त्यांचे पाहुणे. हे १२,००० झाले. खाली ४७५ लोक बसले, त्यांचे ३८,०००. म्हणजे खुर्ची कमी पडली आणि जमीन रिकामी राहिली. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणीही त्याच दिवसांत होतात. अशा वेळी माणूस जावयाला खाली बसवत नाही. खुर्च्या ५०० करा आणि १८० ला द्या (९०,०००), खाली ६०० जागा १०० ला (६०,०००). एकूण १,५०,०००. खुर्च्यांच्या वाढीव भाड्यानं खर्च १,०२,००० झाला तरी ६८ टक्के जागा विकल्या की सुटका होते. पास २५ च्या वर नकोत, आणि त्यांचा रंग तिकिटापेक्षा वेगळा ठेवा. दार एकच असू द्या. तिकिटाला क्रमांक हवा आणि फाडलेला अर्धा तुकडा डब्यात पडायला हवा. डब्यातले तुकडे आणि वहीतली विक्री त्याच रात्री जुळवायची. सकाळपर्यंत थांबलात तर जुळत नाही. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, ती चिंता सोडा.

नाटक निवडताना मात्र पोस्टर पाहून ठरवू नका. त्या नाट्यमंडळाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी कोणत्या गावांनी बोलावलं, एवढं एकच विचारा आणि त्यांतल्या दोन गावांच्या खजिनदारांना फोन करा. दुसरं बोलावणं हीच झाडीपट्टीतली समीक्षा. ती कोणी लिहीत नाही, पण तिला कोणी फसवूही शकत नाही. करारात मुख्य चार-पाच कलावंतांची नावं घालून घ्या. त्यांतलं कोणी बदललं तर किती रक्कम कापायची तो आकडाही लिहा. पोस्टरवर एक आणि रंगमंचावर भलताच, यानं लोक जेवढे चिडतात तेवढे रटाळ नाटकानं चिडत नाहीत.

आणि नाचाबद्दल. कौटुंबिक नाटकातही लावणी असतेच, ती असण्यात कमीपणा काही नाही. थंडीत पहाटेपर्यंत बसलेल्या माणसाला जागं ठेवणं हे कसबाचं काम आहे. बिघडतं ते कथा गुंडाळून निम्मी रात्र नाचावरच काढली की. तसलं नाटक एक वर्ष मांडव भरतं.

पेपरात येतं, अमुक सिनेमानं इतके कोटी कमावले. एवढे पैसे निर्मात्याला मिळतात काय? मग चांगलं म्हटलेल्या सिनेमांचे निर्माते कर्जात का जातात?
*(वाचक, पुसद)*

छापून येतो तो बहुधा एकूण गल्ला असतो. ११८ रुपयांचं तिकीट घ्या. त्यातले १८ जीएसटीचे (१०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला दर कमी आहे). उरलेल्या १०० मध्ये चित्रपटगृह आणि वितरक यांची वाटणी होते. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा बराच वाद होऊन जे प्रमाण ठरलं ते हिशेब समजायला पुरतं: पहिल्या आठवड्यात वितरकाकडे ५०, दुसऱ्यात ४२.५०, तिसऱ्यात ३७.५०, पुढे ३०. त्यातून जाहिरात, प्रती पोचवण्याचा खर्च आणि वितरकाचं कमिशन वजा होऊन जे उरेल ते निर्मात्याचं. एकपडदा टॉकीजमध्ये बऱ्याचदा ठरलेलं भाडं किंवा आगाऊ हमीची रक्कम असते, तिथे गणित वेगळं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच उतरत्या आकड्यांत आहे. मोठ्या नटाचा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत लोक ओढतो, निर्मात्याचा वाटा सगळ्यात जास्त असतो तेव्हाच. बिननावाचा चांगला सिनेमा तोंडोतोंडी पसरतो. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि लोक येऊ लागतात तोवर त्याच १०० रुपयांतला वाटा ३७ वर, ३० वर आलेला असतो. तोही सिनेमा तोवर पडद्यावर टिकला तर! पहिल्या सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की गुरुवारी खेळ कापले जातात. सहाचा खेळ जातो, सकाळी दहाचा उरतो. नोकरदार येऊ शकत नाही, शेतकरी तर नाहीच. मग ‘चालला नाही’ असा शिक्का बसतो. म्हणून प्रदर्शनाचा पैसा राखून न ठेवता सगळा चित्रीकरणात घालणारा निर्माता हटकून बुडतो, मग सिनेमा कितीही उत्तम असो. मराठीत शासनाचं अनुदान आहे, पण ते परीक्षणाच्या दर्जावर ठरतं आणि हातात उशिरा येतं. व्याज तोवर धावतच असतं.

पुरस्कार मिळालेला सिनेमा पडणारच, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का? आणि सुवर्णकमळ मिळालेले सिनेमे आमच्या तालुक्यात का येत नाहीत?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आर्वी)*

सरांना चार उदाहरणं सांगा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनला दाखवला गेला, २९ एप्रिलला इथे लागला, आणि सुमारे चार कोटींत झालेल्या त्या सिनेमाचा गल्ला शंभर कोटींच्या वर गेला. उलट बाजूनं ‘कागज़ के फूल’ (१९५९): छायालेखनासाठी व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शनासाठी एम. आर. आचरेकर यांना फिल्मफेअर मिळालं, पण सिनेमा असा कोसळला की गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावलं नाही. आणि ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा समीक्षकांनी त्याला थंडच घेतलं. फिल्मफेअर मिळालं एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये तो पाच वर्षं होता. म्हणजे दोन्ही मिळू शकतं, एकेकही मिळू शकतं. सरांचा नियम टिकत नाही.

मतं वेगळी पडतात त्याचं कारण दोघांच्या बसण्याच्या जागेत आहे. समीक्षक आठवड्याला चार-पाच सिनेमे पाहतो. तेच वळण, तोच शेवट पाहून तो विटलेला असतो, म्हणून नवं काही दिसलं की त्याचा जीव हरखतो. आर्वीच्या आसपासच्या खेड्यातलं कुटुंब वर्षातून दोनदा वर्ध्याला जातं. एस.टी., तिकिटं, पोरांचं खाणं धरून हजार-बाराशे रुपये जातात, आणि शेवटची गाडी गाठायची असते ती वेगळीच. त्यांना ओळखीचं हवं, कारण फसगत परवडत नाही. या दोघांपैकी कोणालाच मूर्ख ठरवू नये.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मिळणाऱ्या सुवर्णकमळाचा तर क्रमच उलटा असतो. राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्या वर्षात सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेले सिनेमे पाहतात. चित्रपटगृहात लागलेला असण्याची अट नाही. ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, मार्च २०१५ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं आणि सिनेमा आपल्याकडे लागला १७ एप्रिलला. त्यानं निदान महिन्याच्या आत संधी साधली. बरेच सिनेमे पुरस्काराच्या बातमीनंतर आठ-दहा महिने वितरक शोधत बसतात, तोवर नाव लोकांच्या डोक्यातून गेलेलं असतं. तालुक्यापर्यंत न पोचण्याचं कारण त्याहून साधं आहे: कितीतरी तालुक्यांत टॉकीजच उरलेली नाही. महाविद्यालयात चित्रपट मंडळ काढा आणि निर्मात्याकडून लेखी परवानगी घेऊन खेळ लावा. पेनड्राइव्हवर कुठून तरी आणून दाखवू नका, त्यात त्याच माणसाचं नुकसान आहे ज्याचं तुम्ही कौतुक करताय.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे झाडीपट्टीच्या नाटकांचा भाव वाढला काय?
*(वाचक, आरमोरी)*

मान वाढला, आणि तो मोलाचा आहे. मुंबई-पुण्याच्या पेपरांना झाडीपट्टी कुठे आहे हे त्यामुळे सांगावं लागत नाही. पण गावातलं तिकीट त्यानं खपत नाही. खुणे यांच्यासाठी लोक कित्येक दशकं रात्रभर बसत होते, दिल्लीला ते नंतर कळलं. या भागात मान गल्ल्याच्या मागून येतो.

मी दोन एकांकिका लिहिल्या आहेत. मोठं नाटक आता राज्य नाट्य स्पर्धेसाठी लिहू की वडसाच्या मंडळासाठी? एकच नाटक दोन्हीकडे चालेल काय?
*(लेखक, लाखांदूर तालुका)*

जसंच्या तसं चालणार नाही. मतभेदाचा हा प्रश्न नाही, यंत्रणाच वेगळी आहे. स्पर्धेत परीक्षक समोर असतात, सभागृह बंद असतं, दोन-अडीच तासांत आटोपायचं असतं, आणि एका सुस्काऱ्यालाही गुण मिळू शकतात. मांडवात हजार माणसं असतात, बाजूला भज्यांची कढई असते आणि आवाज जातो वरून लोंबणाऱ्या माइकमधून. नट त्या माइकखालून तीन पावलं सरकला की वाक्य गेलं. म्हणून तिथं महत्त्वाचा संवाद चालता चालता किंवा पाठमोरा लिहू नका. पात्राला उभं करा, मग बोलवा. कुजबुज लिहायचीच असेल तर त्याआधी दुसऱ्या पात्राला तोच विषय मोठ्यानं काढू द्या.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कथेची किल्ली ठेवू नका, कारण लोक तोवर येतच असतात. मृत्युपत्र, अदलाबदल झालेलं मूल, जे काही असेल ते साडेअकराच्या पुढे उघडा आणि तासाभरानं दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा एकदा सांगा. स्पर्धेत हा दोष ठरेल, इथं तो शेवटच्या रांगेचा मान आहे. विनोदी पात्राला दोन मोठे प्रवेश द्या, त्यातला एक तीनच्या सुमारास, डोळे मिटायला लागतात तेव्हा. त्या प्रवेशात कथेचं काही ठेवू नका, नट तो वाढवणारच. गाणी प्रवेशाच्या शेवटी घाला, म्हणजे पडद्यामागे नेपथ्य बदलायला वेळ मिळतो.

आमचा सल्ला विचाराल तर आधी मांडवासाठी लिहा. एका हंगामात तेच नाटक पन्नास गावांत गेलं, तर लोक कुठे गप्प होतात आणि कुठे चहाला उठतात ते पन्नासदा दिसेल. वहीत प्रवेशाचा क्रमांक आणि उठलेल्यांचा अंदाज लिहीत जा. होळीनंतर ती वही समोर ठेवून दोन तासांची संहिता काढा आणि स्पर्धेला पाठवा. दोन्ही ठिकाणी प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून (नाटकांच्या सेन्सॉरकडून) संमत करून घ्यावी लागते. संक्षिप्त संहिता वेगळी धरली जाते, तिचा अर्ज उन्हाळ्यातच टाका.