ऑनलाइन व्यवसायासाठी ईमेलची यादी कशी जमवावी? विकत मिळणारी यादी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात घरी मसाले आणि चटण्या करून ऑनलाइन विकता, इन्स्टाग्रामवर आठेक हजार लोक जोडलेत आणि एक जण दहा हजार ईमेल पत्ते तीन हजार रुपयांत द्यायला तयार आहे. ते घेऊ का, नाहीतर यादी कशी वाढवू, असं विचारलंय.

ती यादी घेऊ नका. मी सांगलीत हळद आणि बेदाणा विकते, आणि पहिल्याच वर्षी अशी यादी घेऊन बसले होते. रात्री सगळ्यांना मेल सोडला. सकाळी उठून बघते तर ज्या सेवेवरून मेल पाठवला होता तिनं माझं खातंच बंद केलेलं. कितीतरी पत्ते मुळात अस्तित्वातच नव्हते, आणि ज्यांना मेल पोचला त्यांनी मला कधी बघितलंही नव्हतं, त्यामुळं त्यांनी सरळ स्पॅमचं बटण दाबलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पुढं दोन महिने माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची बिलंसुद्धा स्पॅममध्ये जात होती.

याचं कारण असं की मेल पोचवणाऱ्या कंपन्या पाठवणाऱ्याच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत लक्षात ठेवतात. आमच्या मार्केट यार्डात सौद्याला लावलेल्या एका पोत्यात खराब माल निघाला की पुढच्या खेपेला खरेदीदार तुमच्या चांगल्या पोत्यातही कोपरापर्यंत हात घालून बघतो. तसंच हे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं याचे नियमच लागू केलेत. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्याच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत, म्हणजे हजारात तिघांनी जरी स्पॅम दाबलं तरी अडचण. खरं तर ०.१ टक्क्याच्या आतच राहायला हवं. विकतच्या यादीत हे शक्यच नाही. शिवाय अशा याद्यांत काही पत्ते फक्त सापळा म्हणून ठेवलेले असतात, त्यांवर मेल गेला की पाठवणारा लगेच ओळखला जातो.

मग आठ हजार फॉलोअर असताना यादी कशाला, असंही तुम्हाला वाटत असेल. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींनी जमवलेली लाखोंची माणसं एका रात्रीत हातची गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच बंद पडलं, सहाएक तास. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती, माझ्या ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, आणि मी फोन हातात धरून नुसती बसून. त्या रात्री मला यादीची किंमत कळली. व्हॉट्सॲप सोडा असं मी म्हणत नाही, गावातलं गिऱ्हाईक तिथंच आहे. पण ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ च माणसं बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा परदेशात नोकरी करणारा माणूस रोज मेल उघडतो, आणि गावाकडच्या चवीसाठी पैसे मोजणारा तोच आहे.

आता यादी कशी जमवायची. माझ्या साइटवर आधी लिहिलं होतं, ‘आमच्या न्यूजलेटरसाठी नोंदणी करा’. आठवड्याला एखादं नाव यायचं. कुणालाही न्यूजलेटर नको असतं. मग ते वाक्य बदललं: ‘नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघते. शिजवून, वाळवून, दळून तयार झाली की तुम्हाला आधी कळवू का?’ बाकी काहीच बदललं नाही, आणि रोज नावं यायला लागली. तुमच्याकडं तर याहून सोपं आहे. कांदा-लसूण मसाल्याची वाट बघणारी घरं पुण्यात किती असतील! ‘यंदाचा मसाला डंकावर गेला की कळवा’ एवढं एकच वाक्य ठेवा आणि खाली पत्त्याचा रकाना. नाव आणि ईमेल, बस. जन्मतारीख, फोन, पिनकोड विचारत बसलात की माणूस निघून जातो.

दुसरा मार्ग म्हणजे काहीतरी उपयोगाचं द्यायचं. मी घरी हळद कशी पारखायची याचं एक पान करून ठेवलंय: ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग येतो, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. हे पान मेलवर मिळतं. सवलतीचं कूपन देऊन बघितलं तेव्हा नावं जास्त आली, पण ती माणसं एकदा घेऊन गेली ती गेलीच.

सगळ्यात चांगली नावं मला पार्सलमधल्या चिठ्ठीनं दिली. माल हातात पडलेला असतो, वास घरभर सुटलेला असतो, माणूस खूश असतो. तळहाताएवढी चिठ्ठी, त्यावर दोन ओळी आणि क्यूआर कोड.

प्रदर्शनात मात्र वही ठेवू नका. पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी वहीत पत्ते लिहून घेतले. रात्री टाइप करायला बसले तर ४३ मधले ११ चुकीचे. कुठं एक आहे की एल ते कळेना, कुठं जीमेलचं स्पेलिंगच उलटंसुलटं. पुढच्या वेळी टेबलावर फोनच ठेवला, ज्यानं त्यानं आपला पत्ता स्वतः टाकायचा आणि आलेल्या मेलमधल्या दुव्यावर तिथंच टिचकी मारायची. एका काकूंना विचारलं, “आला का मेल?” त्या म्हणाल्या, “आला गं, पण हे बघ, कुठल्यातरी दुसऱ्याच खान्यात जाऊन बसलाय.” तो जीमेलच्या प्रमोशन्समध्ये, म्हणजे जाहिरातींच्या खान्यात गेला होता. मी त्यांना तो ओढून प्रायमरीत, म्हणजे मुख्य खान्यात टाकायला शिकवलं आणि माझा पत्ता सेव्ह करून दिला. त्या काकू आजही दर हंगामात पाच किलो मागवतात. ही टिचकी मारून होकार पक्का करायची पद्धत साइटवरही ठेवा. काही नावं गळतात, पण उरलेली खरी असतात.

कुणी ऑर्डर दिली म्हणजे जाहिरातीला होकार दिला असं धरू नका. ऑर्डरच्या पानावर वेगळी चौकट ठेवा, आणि तिच्यात आधीच खूण करून ठेवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट असावी आणि ती मागं घेणं दिल्याइतकंच सोपं असावं असं म्हटलंय. ‘मेल बंद करा’चा दुवा ठळक द्या. तो सापडला नाही की लोक स्पॅमच दाबतात.

मेल जीमेलच्या पत्त्यावरून पाठवू नका, स्वतःचं डोमेन घ्या. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर करून घ्या. तुमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतो, तो वाटेत कुणी बदललेला नाही ना, आणि तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं, हे त्यांवरून ठरतं. डोमेन देणाऱ्याला विचारलंत तर अर्ध्या तासाचं काम आहे.

महिन्याला दोन मेल पुरतात, आणि प्रत्येकात विक्री नको. मला सर्वांत जास्त उत्तरं आली ती हरिपूरच्या पेवांवर लिहिलेल्या मेलला. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली. मेलमध्ये विकायला काही नव्हतं. एकानं लिहिलं, “माझे आजोबा पेवात उतरायचे.” मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर फार विसंबू नका, २०२१ पासून ॲपलच्या मेलमुळं तो फुगलेला दिसतो. दुव्यावर किती जण आले आणि ऑर्डरी किती, ते बघा. सहा महिने ज्यांची काहीच हालचाल नाही त्यांना ‘अजून पाठवू का?’ एवढंच विचारा, आणि उत्तर नसेल तर नाव काढा.

सुरुवात जुन्या ऑर्डरींच्या वहीपासून करा. ज्यांनी दोनदा तरी मागवलंय त्यांना फोन लावा, मसाला कसा होता विचारा, आणि नवा झाला की मेलवर कळवू का म्हणून विचारा. माझी पहिली साठ नावं अशीच आली, रोज संध्याकाळी पाच फोन करून. आत्ता लागलात तर एप्रिलमध्ये मिरच्या वाळत घालायच्या आधी तुमचीही होतील.