जगातील संस्कृती आणि प्रवास यांचा आधुनिकतावादी लेखकांवर नेमका कसा परिणाम झाला?

परदेश पाहिला आणि लगेच लेखन बदलले, इतके हे सरळ नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे उदाहरण घ्या (त्यांना आधुनिकतावादी, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेखनाचे जुने साचे मोडणाऱ्यांपैकी, म्हणावे की उंबरठ्यावरचे, हा वाद आहेच). १९१२-१३च्या भारतभेटीनंतर त्यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी लिहायला घेतली, पण ती अडली. १९२१ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे (शाखेचे) महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून ते तेथे राहिले, तेव्हा या मराठी संस्थानातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला आणि तोच कादंबरीच्या ‘मंदिर’ या शेवटच्या भागाचा पाया झाला. त्या भागात गोंगाट आणि गर्दीत कादंबरीतील प्राध्यापक नारायण गोडबोले झांजांच्या साथीने तुकारामांचा धावा करतात, आणि नाचता नाचता त्यांना एक वृद्ध इंग्रज बाई व एक गांधीलमाशी आठवते. तर्काने न जुळणाऱ्या गोष्टी भक्तीच्या भरात शेजारी येऊन बसतात. माझ्या मते १९२४ च्या या कादंबरीचा सर्वांत धीट भाग हाच, आणि तो केवळ पुस्तके वाचून लिहिता आला नसता.

मात्र प्रवास अनिवार्य नव्हता. अमेरिकन कवी एझरा पाउंड चीनला कधीच गेले नाहीत. जपानमध्ये राहिलेले अमेरिकन कला-अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या टिपणांवरून त्यांनी १९१५ मध्ये ‘कॅथे’ हा चिनी कवितांच्या अनुवादांचा संग्रह सिद्ध केला. त्यात चुका आहेत, तरीही इंग्रजी कवितेतील अलंकारिक पाल्हाळ झडण्यास त्याने मोठा हातभार लावला.